हर्षिताची मोठी आई

लिंकन, नेब्रास्का
९ फेब्रुवारी १९९७

शीलाताई,

जयभीम. नीट पोचले. विमानतळावरून फोन केला तेव्हा मागे हर्षिता एवढी रडत होती की तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकूच आलं नाही. मग मीही घाईघाईनं ठेवून दिला.

म्हणायला हे राजधानीचं शहर, पण आपल्या नागपूरपुढे खेडंच वाटतं. संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. मधोमध विधानभवनाचा मनोरा आहे, मैलभरावरून दिसतो. त्याच्या टोकावर बी पेरणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. इथे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात ना, पहिल्या दिवशी मला वाटलं, तोही वरून मीठच टाकतोय.

काम सरकारी खात्यातलं आहे. जुन्या प्रोग्राममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं आहे. सन दोन हजार उजाडलं की मशीनला वाटणार एकोणीसशे साल आलं, आणि म्हाताऱ्यांची पेन्शन अडकणार. त्या जागा शोधून शोधून दुरुस्त करायच्या. व्हर्जिनियातल्या आमच्या हर्नडनच्या कंपनीकडे सध्या न्यू जर्सीत काहीच काम नाही, आणि विनय गेल्यापासून माझा व्हिसा या एका नोकरीवरच टांगलेला आहे. नाही म्हणायची सोयच नव्हती.

खाली घरमालकीण राहते, मिसेस नोव्हॉत्नी. एकटीच आहे. मला विचारलं, “मुलंबाळं?” मी म्हटलं, एक मुलगी आहे, दोन वर्षांची, माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे. तर म्हणाली, “नशीबवान आहेस.” नशीबवान कोण ते विचारायचं राहून गेलं.

सहाच महिन्यांचं काम आहे. भाऊजींना सांगा, उन्हाळ्यात मी परत.

तुमची,
उपासना

वेस्ट विंडसर
२६ फेब्रुवारी १९९७

प्रिय उपासना,

जयभीम. तुझ्या लेकीची काळजी करू नकोस. पहिले दिवस फार जड गेले, आता खाते, खेळते. ह्यांना घोडा करून घरभर फिरवते. विनयसारखा पाठचा भाऊ गेल्यापासून हे घरात कुणाशी बोलत नव्हते गं, आता घोडा होऊन खिंकाळतात.

एक सांगते, रागावू नकोस. तू फोन केलास की ती दोन दिवस धड जेवत नाही. परवा तुझा फोन ठेवल्यावर तिनं रिसीव्हर हातात घेतला आणि मला म्हणते, “उघड.” मी म्हटलं, काय उघडू? तर म्हणे, “आई आत आहे.” झाकण निघत नाही म्हणून आपटायला लागली. मी तिला उचलून घेतलं आणि आम्ही दोघी रडलो.

तेव्हा काही दिवस फोन नको. पत्र लिहीत जा, मीही सगळं लिहून कळवीन. थोडी रुळली की मग बोल हवं तेवढं.

लायब्ररीतली नोकरी सोडली. तशीही अर्ध्या वेळेचीच होती. मला ती मोठी आई म्हणते. म्हणजे म्हणायचा प्रयत्न करते.

शीला

लिंकन
२० एप्रिल १९९७

शीलाताई,

तुम्ही म्हणालात तसं फोन केला नाही. नंबर फिरवते आणि शेवटचा आकडा न दाबता ठेवून देते.

जयंतीला तुम्ही सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमला असाल. मी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, एकटीनंच वंदना म्हटली. ऑफिसात माझ्यासोबत प्रसन्न म्हणून पुण्याचा मुलगा आहे, त्याला खीर खायला बोलावलं. तो म्हणाला, “मॅडम, कुणाचा वाढदिवस?” मी सांगितलं. वाटीत चमचा फिरवत बसला, मग दुसऱ्यांदा खीर मागून घेतली.

आमचा इथला मॅनेजर लॉइड चांगला माणूस आहे. त्याला विचारलं, मी मोडेम लावून न्यू जर्सीहून काम केलं तर? फाइली फोनच्या तारेतून येतात-जातात, मी इथे बसले काय आणि तिथे बसले काय. तो म्हणाला, सरकारी मशीन आहे, राज्याबाहेरून जोडता येणार नाही. वर सांगितलं की काम वाढलंय. सहा महिने नाही, पुढचं वर्षही जाईल.

हे तुम्हाला कसं कळवावं तेच कळत नव्हतं. तुमच्यावर किती भार टाकतेय.

हर्षिता झोपताना अजून अंगठा चोखते का? फोटो पाठवा.

उपासना

वेस्ट विंडसर
१० मे १९९७

प्रिय उपासना,

भार कसला? पुढचं वर्ष गेलं तर जाऊ दे. तू तिथे मन लावून काम कर. अंगठा सुटला. फोटो सोबत आहेत. पिवळा फ्रॉक मीच शिवला.

शीला

लिंकन
३१ ऑगस्ट १९९७

शीलाताई,

तुमच्याकडून परत आल्यापासून पत्र लिहायला बसते आणि उठते.

विनयचं वर्ष झालं, त्यासाठी आले होते. भिक्खूंनी परित्राण पाठ म्हटला, माणसं आली, जेवली. ते सगळं तुम्ही नीट केलंत, मला कशाला हात लावू दिला नाहीत. पण मला आठवतं ते एवढंच. दार उघडलंत, आणि ती तुमच्या कमरेला मागून मिठी मारून उभी. मी हात पुढे केले, तर तिनं तोंड तुमच्या साडीत लपवलं. तुम्ही म्हणालात, “अगं, आई आली.” ती तुमच्याचकडे बघायला लागली.

मग त्या दिवशी अंगणात ती झोक्यावरून पडली आणि “आई” म्हणून ओरडली. आपण दोघीही “ओ” देत धावलो. मी जवळ होते, आधी पोचले. तिनं मला ओलांडून तुमच्याकडे हात केले.

‘मोठी आई’मधलं ‘मोठी’ कधी गळलं, ताई? तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत.

मी भांडत नाहीये. तुम्ही जेवढं केलंत तेवढं माझ्या सख्ख्या आईनंही केलं नसतं. तिचे गुडघे, तिचे केस, तिची नखं बघितली, सगळं इतकं निगुतीचं! मला ते बघून बरं वाटायला हवं होतं.

आता मी दर रविवारी फोन करणार आहे. रडली तर रडू दे.

उपासना

वेस्ट विंडसर
१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय उपासना,

गेल्या महिन्यात टीव्हीवर तुमच्याकडचा बर्फ दाखवला. पानं झडायच्या आत बर्फ पडला आणि भरली झाडं मोडली म्हणे. तू बरी आहेस असं रविवारी फोनवर म्हणालीस, पण आवाज बरा नव्हता.

फोनवर ती बोलत नाही त्यात माझा हात नाही. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावते, ती ऐकते आणि खाली ठेवून खेळायला जाते. रडत नाही आता.

एक विचारायचं आहे. ह्यांच्याशी अजून बोलले नाही, आधी तुलाच लिहिते.

आम्ही बारा वर्षं दवाखाने केले ते तुला ठाऊक आहे. शेवटी मी स्वतःच म्हटलं, बस झालं. आणि मग हर्षिता आली. उपासना, तू एकतीस वर्षांची आहेस. शिकलेली आहेस, पुढे तुझं आयुष्य आहे. कंपनी तुला आज नेब्रास्कात पाठवते, उद्या आणखी कुठे पाठवेल. पोरीनं तुझ्या बॅगेमागे फिरायचं का? इथे तिचं घर आहे, तिची खोली आहे, पुढच्या वर्षी शाळा. आम्ही रीतसर दत्तक घेतो. आडनाव तेच राहील. तू येत राहशील, तू तिची आईच राहशील, ते कोण नाकारतंय?

मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. माहेरी नाही, सासरी नाही. हे मागते आहे.

शीला

लिंकन
२४ नोव्हेंबर १९९७

शीलाताई,

नाही.

याच्यापुढे काही लिहिलं तर ते कडू होईल, म्हणून एवढंच.

उपासना

न्यू ब्रन्सविक
१८ फेब्रुवारी १९९८

प्रिय उपासना,

हे पत्र ऑफिसातून लिहितोय, शीलाला न सांगता. मला पत्रं लिहायची सवय नाही. तेव्हा गोड मानून घे.

तुझं ‘नाही’ आलं त्या दिवशी तिनं ते मला वाचायला दिलं, आणि तिनं तुला काय लिहिलं होतं तेही तेव्हाच सांगितलं. मग कणीक मळायला घेतली. त्यानंतर त्यावर घरात एक शब्द नाही. रविवारी तुझा फोन वाजला की ती गॅरेजमध्ये जाते, आणि हर्षिता तिच्यामागे जाते. म्हणून तुला वाटतं पोरगी बोलत नाही.

शीला वाईट नाही. ती फार चांगली आई आहे, आणि घोटाळा तोच आहे.

तू फोनवर म्हणतेस, सगळं मार्गी लागलं की तिला नेईन. अगं, मार्गी कधी काही लागत नाही. विनय म्हणायचा, ग्रीन कार्ड आलं की गावाला जाऊन येईन, तो तसाच गेला. पोरगी आता तीन वर्षांची आहे. आत्ता नेलीस तर रडेल, तुला मारेल, पण शेवटी तुझी होईल. पाच वर्षांची झाल्यावर नेलीस तर कायमचा हिशेब मनात ठेवेल. आणि शीला तोवर उरणारच नाही, उपासना. तिला रोज वाटतं की आज नेतील, उद्या नेतील. असं माणसाला किती दिवस ठेवायचं?

ती विनयसारखी चालते, एक खांदा थोडा पुढे टाकून. सकाळी ती जिन्यातून उतरताना मी पेपर वाचल्यासारखं करतो आणि बघत बसतो. तेव्हा हे सांगताना मला किती जड जातंय ते समजून घे.

लवकर ये.

सुभाष

लिंकन
९ मे १९९८

शीलाताई,

जयभीम. फार दिवसांनी लिहितेय.

लॉइडनं अखेर घरी मोडेम लावायची परवानगी काढून दिली. मी राज्याच्या आतच असल्यामुळे चालतंय म्हणे. फोनची दुसरी लाइन घेतली. सकाळी ऑफिसात जायचं, दुपारनंतर घरून काम करायचं. जवळच एक डेकेअर आहे, जाऊन बघून आले. मिसेस नोव्हॉत्नीनं खालच्या अंगणात वाळूची पेटी करून दिली.

जूनमध्ये हर्षिताला न्यायला येते.

आणि आता जे लिहितेय ते लिहायला मला तोंड नाही. तुम्ही आमच्यासोबत इकडे या. थोडे आठवडे राहा. मी तिला तुमच्या कडेवरून ओढून विमानात बसवू शकत नाही. तुम्ही असलात तर तिला हे घर परकं वाटणार नाही. मग तिला तुमच्याशिवाय राहायची सवय तुम्हीच लावा. दुसऱ्या कुणालाही ते जमणार नाही.

हे मागणं किती निर्दय आहे ते मला कळतं. नाही म्हणालात तर मी समजून घेईन.

उपासना

वेस्ट विंडसर
१५ मे १९९८

उपासना,

येते. तिकिटं ह्यांनी काढली. पोरीला अजून सांगितलं नाही.

तिचे थंडीचे कपडे आत्ताच आणू का?

शीला

लिंकन
१२ जुलै १९९८

ताई,

तुम्ही ठरवल्याप्रमाणे ती डेकेअरला असताना निघालात. विमानतळावर तुम्ही मागे न बघता आत गेलात आणि मीही थांबले नाही. बरं झालं.

दुपारी तिला आणलं. ती जिन्यातच बूट काढून “आई, आई” करत आत पळाली. स्वयंपाकघर बघितलं. बाथरूमचा पडदा सरकवला. कपाटात तुमची साडी होती तिथे आता नुसता हँगर होता, तो हलवून बघितला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “यू सेंट हर अवे.” मी तिला जवळ घ्यायला गेले, तर दोन्ही मुठींनी मारायला लागली. “यू आर नॉट माय आई.” मी मारू दिलं. काय करणार होते? खरंच तर होतं ते.

तेव्हापासून बोलत नाही. जेवण पुढे ठेवलं की ताट दूर सारते. मी मोडेमवर काम करत बसले की टेबलाखाली येऊन बसते, पण मी खाली वाकले की उठून जाते. पडून राहते डोळे उघडे ठेवून. मी गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या, तिला काहीच ओळखीचं नाही. बरोबरच आहे, मी तिला झोपवायचे तेव्हा ती दोन वर्षांची होती.

ताई, लाज वाटते विचारायला. तिला झोपवायचं कसं?

उपासना

वेस्ट विंडसर
१७ जुलै १९९८

उपासना,

लाज कसली? ऐक.

भात गरम वाढू नकोस, कोमट लागतो. वरण वेगळं वाढलंस तर खाणार नाही, वाढायच्या आधीच कालवून ठेव आणि वरून तूप. ताट दूर सारलं तर उचलून नेऊ नकोस. तिथंच राहू दे आणि तू दुसरीकडे बघ. हळूच खाईल.

दूध निळ्या कपात. तो कप मी बॅगेच्या तळाशी ठेवलाय, मोज्यांच्या खाली.

झोपताना तिला कानाची पाळी लागते, स्वतःची नाही, शेजारच्याची. अंगठ्यात आणि बोटात धरून चोळत राहते. तू कानातलं काढून ठेव, तिला टोचतं. पाठ तिच्याकडे करून झोप, म्हणजे तिला तुझं तोंड दिसणार नाही. आणि त्रिशरण म्हण, अगदी हळू आवाजात, जसं आपलं आपणच म्हणतोय. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत हात कानाकडे येईल. नाही आला तर पुन्हा म्हण. हात आला की हलू नकोस, रडूसुद्धा नकोस, तिला लगेच कळतं.

मारते म्हणालीस. मारू दे. मी इथे आल्यापासून मलाही कुणीतरी मारावं असं वाटतं.

मी फोन करणार नाही. तिचा आवाज ऐकला तर मी विमानात बसेन, आणि मग कुणाचंच काही खरं नाही.

तुझ्या बाजूनं मी चुकले असेन. पण मी तिच्यावर जी माया केली त्यात खोटं काही नव्हतं, एवढं तुला माहीत असू दे.

शीला

लिंकन
२० सप्टेंबर १९९८

ताई,

पाळी धरली. तुमचं पत्र आलं त्या रात्री नाही, नंतर बऱ्याच दिवसांनी. तुम्ही सांगितलंत तशी पाठ करून पडले होते. माझा सगळा हात बधिर झाला, पण हलले नाही.

आता जेवते. मिसेस नोव्हॉत्नीच्या मांजरावर ओरडते, म्हणजे बरी आहे. डेकेअरमधून शिकून आलेली इंग्रजीच जास्त बोलते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते.

काल तिला विधानभवनाच्या मनोऱ्यावर नेलं. वर गच्ची आहे, सगळं शहर दिसतं आणि शहर संपलं की नुसती शेतं. तिनं विचारलं, “वेअर इज न्यू जर्सी?” मी पूर्वेकडे बोट केलं. तिनं तिकडे हात हलवला. तुम्हाला हो. खूप वेळ हलवत राहिली. वारा फार होता, तरी मी तिला आत चल म्हटलं नाही.

मला ती आई म्हणत नाही. हाक मारायची झाली तर ओढणी ओढते. पण डेकेअरच्या बाईंना परवा माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, “दॅट्स माय मॉम.” मी ते पाठमोरी ऐकलं आणि बुटाची नाडी बांधत बसले.

आई तुम्हीच आहात तिच्या लेखी. मी मॉम. ताई, मला चालेल. तुम्हाला हे वाचून बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच चालेल.

काम पुढचं वर्षभर तरी आहे. नाताळात आम्ही दोघी येऊ का? तुम्ही म्हणाल तर.

उपासना

वेस्ट विंडसर
११ ऑक्टोबर १९९८

प्रिय उपासना,

जयभीम. पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं. मनोऱ्यावरचं आलं तिथे थांबले, चष्मा पुसला आणि मग पुढचं मनातल्या मनात वाचायला लागले. मी म्हटलं, “अहो, मलाही कळू द्या.” तर पत्र माझ्या हातात देऊन बाहेर गवत कापायला गेले. गवत चार दिवसांपूर्वीच कापलं होतं.

नाताळात यायचं म्हणतेस. नको, यंदा नको. रागानं म्हणत नाही. तिला आत्ता कुठे तुझा कान सापडलाय, मला बघून सगळं पुन्हा उसवेल. आणि माझंही उसवेल. पुढच्या उन्हाळ्यात या, तोवर मी मोठी आई व्हायला शिकते. ते मला आधी नीट शिकावं लागलंच नव्हतं.

लायब्ररीत परत जाते आहे. त्यांनी जागा ठेवली नव्हती, पण लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला कुणी हवं होतं. मी नाही म्हणाले. म्हटलं, मला मागे पुस्तकं लावायला द्या. दिली.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला, त्याच शाळेच्या हॉलमध्ये. जायचं नव्हतं मला. हे म्हणाले, “किती दिवस टाळशील?” म्हणून गेले. मुलं खुर्च्यांमधून पळत होती. अहिल्याताई, मागच्या वर्षी आमच्या शेजारी बसल्या होत्या त्या, त्यांनी विचारलं, “शीला, तुझी छोटी दिसत नाही?”

मी म्हटलं, “तिच्या आईकडे आहे.”

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, “म्हणजे? मला वाटलं तुझीच.”

“हो,” मी म्हटलं, “सगळ्यांनाच वाटायचं.”

त्यांनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला, वाईट दिसलं असेल. पण वंदना सुरू व्हायची होती आणि मला ती म्हणायची होती. म्हटली. अगदी शेवटपर्यंत.

घरी आल्यावर हे भूक नाही म्हणाले, तरी मी खिचडी टाकली. तुम्ही गेल्यापासून माझा अंदाज रोज चुकतो आहे. रोज एक मूठ जास्त पडते, दुसऱ्या दिवशी फेकावी लागते. आज दोघांचीच झाली. पातेलं पुसून निघालं.

तिला थंडीची टोपी घालत जा.

शीला